हापूस थेट विकायचाय, व्हिडिओत स्वतः बोलू की नुसती बाग दाखवू?

कलमवाला
नमस्कार मंडळी. देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे, आतापर्यंत सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा, यंदापासून पुण्या-मुंबईला थेट पेट्या द्यायचं ठरवलंय. भाऊ म्हणतो ड्रोनने झकास व्हिडिओ काढून घेऊ, मागे गाणं टाकू. मला वाटतं आपणच बोलावं, पण माझं बोलणं मालवणी वळणाचं, शहरातल्या लोकांना चालेल का? आणि बोलायचं तरी काय? आत्ता तर फक्त मोहोर आहे.

सानिका_कोथरूड
दादा, तुम्हीच बोला, गिऱ्हाईक म्हणून सांगते. ड्रोनचे व्हिडिओ सगळ्यांचे सारखेच, त्यावरून पेटी कोण पाठवणार ते कळत नाही. २०१८ ला जीआय (म्हणजे ठरावीक भागातल्याच आंब्याला हापूस म्हणायचं, असं सरकारी मानांकन) मिळालं तरी हापूसच्या नावाखाली दुसराच आंबा गळ्यात मारतात, मलाही मारलाय, म्हणून मला माणूस बघायचा असतो. आणि मालवणीचं टेन्शन तर अजिबात घेऊ नका, नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, 'आपली आजी' चॅनलवाल्या, गावच्या बोलीतच रेसिपी सांगतात आणि लाखो लोक बघतात. पेटी आली की पेंढ्यात किती दिवस ठेवायची, फ्रीजमध्ये कधी टाकायची हे आम्हाला दरवर्षी कोणालातरी विचारावं लागतं, तेच सांगा ना.

माइक_टेस्टिंग
आधी आवाजाचं बघा. चित्र जरा हललं तरी लोक बघतात पण आवाज नीट आला नाही की लगेच पुढे सरकवतात, आणि तुमच्याकडे दुपारनंतर खारं वारं सुटतं, सगळं घोंगावतं. कॉलरचा माइक घ्या, त्यावर ती वारा अडवणारी केसाळ टोपी लावा आणि सकाळीच शूट करा. बोलताना स्क्रीनवर स्वतःला बघू नका, लेन्सकडे बघा, नाहीतर समोरच्याला वाटतं हा दुसऱ्याच कोणाशी बोलतोय. पाठ करून तर बोलूच नका.

तळकोकणी
कलमवाला भाऊ, मीपण बागायतदारच. साक्यावर, म्हणजे फळ आतून खराब निघतं त्यावर, एक व्हिडिओ कराच! बाहेरून फळ एकदम देखणं आणि कापलं की बाठीजवळ पांढरट, हे गिऱ्हाईकाच्या घरी पहिल्यांदा दिसलं की त्याला वाटतं फसवलं. तुम्ही आधीच कॅमेऱ्यासमोर फळ कापून दाखवा, सांगा की हे उष्णतेने होतं, बाहेरून ओळखता येत नाही, निघालं तर फोटो पाठवा, फळ बदलून देतो. माझ्याकडे त्यानंतर भांडणाचे फोन जवळपास बंद झाले. काढणीच्या वेळी चौदा आणे तयार (म्हणजे सोळा आण्यांतले चौदा, जवळपास पूर्ण तयार) फळ कसं ओळखता, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट का काढता, चीक सालीवर का लागू देत नाही, एकेक वेगळा व्हिडिओ होतो.

कलमवाला
सगळ्यांचे आभार, भावाला धागा दाखवला, ड्रोन कॅन्सल. आता एकच, मोहोरावर तुडतुडा (रस शोषणारी कीड) आलाय, या आठवड्यात फवारणी आहे. ती दाखवू का? लोक घाबरतील असं घरचे म्हणतात.

तळकोकणी
दाखवा. औषध कुठलं, ते का मारावं लागतं आणि काढणीच्या किती दिवस आधी फवारणी बंद करता ते तोंडाने सांगा. थोडे लोक जातील, जाऊ देत.

सानिका_कोथरूड
+१. मी तरी अशाच माणसाकडून घेईन. चॅनल सुरू झालं की लिंक इथेच टाका.