रोजच्या अनुभवातून विश्वासाचा धडा काढताना मर्यादा कोठे आखावी?

प्रश्न : संडे स्कूल शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा

प्रभूच्या नावाने सर्वांना सलाम. आमच्या मंडळीतील महिलांची प्रार्थनासभा आळीपाळीने एकेकीच्या घरी भरते आणि वचनाच्या अगोदर साक्षी होतात, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते एकेक जण सांगते. मागच्या सभेत एका भगिनीने सांगितले की, बाजाराला जाताना त्यांची काळीपिवळी जीप थोडक्यात चुकली, म्हणून त्या खट्टू होऊन घरी परतल्या, आणि दुपारी तीच जीप घाटात उलटल्याचे कळले. "देव आपल्या लेकरांना सांभाळतो," असे म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि सर्वांनी स्तुती केली. त्यांच्या शेजारी जी बहीण बसली होती, तिचा धाकटा भाऊ गेल्या वर्षी अपघातातच गेला. तिने मांडीवरचे गीतांचे पुस्तक मिटले, पदराचे टोक बोटाला गुंडाळत ती थोडा वेळ बसली आणि शेवटच्या प्रार्थनेआधीच उठून गेली.

मी रविवारी मुलांना "या आठवड्यात देवाने तुम्हांला काय शिकवले?" असे विचारते. चुकलेली शेळी सापडली, पेपर सोपा गेला, आजीचा ताप उतरला, असे मुले हौसेने सांगतात; पण ज्याची शेळी सापडली नाही, ते मूल गप्प बसते. रोजच्या जगण्यातून विश्वासाचे धडे घ्यावेत हे मला मनापासून पटते, कारण प्रभूनेही पेरणारा, खमीर आणि हरवलेले नाणे यांतूनच शिकवले. मात्र कोणत्या अनुभवातून धडा काढावा आणि कोठे थांबावे, याविषयी वडीलधाऱ्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त पाळक, सोलापूर

ताई, त्या भगिनीने आभार मानले हे योग्यच झाले. वाचलेल्या माणसाने देवाचे आभार मानू नयेत, तर काय करावे? अडचण आभारात नसून त्यापुढे आपण जे स्पष्टीकरण जोडतो त्यात आहे. "मी वाचले, कारण देव आपल्या लेकरांना सांभाळतो" असे म्हटले की, जे वाचले नाहीत त्यांच्याविषयीही न बोलता एक निकाल दिला जातो, आणि ज्याच्या घरचे माणूस गेले आहे त्याला तो अगदी स्पष्ट ऐकू येतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात लोक येशूला सांगतात की, काही गालीलकर यज्ञ करीत असताना पिलाताने त्यांना ठार मारले. त्यावर तो स्वतःहून दुसरी घटना काढतो : शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक दोषी होती असे तुम्हांला वाटते काय? त्याचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. मग तो मेलेल्यांविषयी एक शब्दही बोलत नाही, समोर उभ्या असलेल्यांना पश्चात्ताप करायला सांगतो. आपल्या प्रश्नातील मर्यादा मला येथे आखलेली दिसते. अनुभव मला माझ्याविषयी काय सांगतो हे मी विचारावे. मेलेल्याविषयी किंवा शेजाऱ्याविषयी तो काय सांगतो, हे ठरवण्याचा अधिकार मला दिलेला नाही.

मुलांना शिकवण्यासाठी बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा बारावा अध्याय घ्यावा, असे मी सुचवीन. पेत्राच्या बेड्या गळून पडतात आणि देवदूत त्याला तुरुंगातून बाहेर आणतो, ही गोष्ट मुलांना पाठ असते. पण त्याच अध्यायाच्या आरंभी हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारले आहे. दोघेही प्रेषित, दोघेही प्रभूच्या अगदी जवळचे. एक सुटला आणि एक मारला गेला, आणि हे पुस्तकही लिहिणाऱ्या लूकने त्याचे कारण दिलेले नाही. आपण मात्र पेत्राची गोष्ट सांगतो आणि याकोबाचे वाक्य गाळून पुढे जातो. ज्या मुलाची शेळी सापडली नाही, त्याला याकोबाचे वाक्य ऐकू द्या.

उत्तर : द्राक्षबागायतदार, दिंडोरी तालुका

पाळकसाहेबांशी मी सहमत आहे. त्यात माझ्या कामातले थोडे सांगतो, कारण योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू स्वतःला द्राक्षवेल आणि पित्याला फांद्या साफ करणारा माळी म्हणतो, त्यावर मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत आणि त्यांतील काही ऐकताना बाग माहीत असलेल्या माणसाला बेचैन व्हायला होते.

आमच्याकडे वर्षातून दोन छाटण्या होतात. माल उतरल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तेव्हा ओलांड्यावर, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवर, काडीचा एखादाच डोळा (जेथून नवी फूट येते तो कोंब) राखून बाकी सगळे काढून टाकतात आणि भर उन्हात बाग उघडीबोडकी दिसते. त्यानंतर ज्या नव्या काड्या येतात, त्यांच्या डोळ्यांत साधारण दीड-दोन महिन्यांत सूक्ष्म घड तयार होतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीआधी आम्ही काड्या प्रयोगशाळेत तपासून घेतो आणि कितव्या डोळ्यावर कापायचे ते ठरवतो. उन्हाळ्यात काडीला पुरेसा सूर्यप्रकाश मिळाला नसेल, तर ऑक्टोबरनंतर घड जिरतो, म्हणजे घडाच्या जागी नुसती बाळी, वेलाचा आधार धरणारा तंतू, येते, आणि मग कितीही खत-पाणी केले तरी त्या हंगामात तेथे घड येत नाही. फेब्रुवारीत लोक जे फळ पाहतात ते आदल्या मे-जूनमध्येच ठरलेले असते. प्रार्थनेविषयी मला जे काही समजले आहे, त्यातले बरेचसे मला येथे कळले.

आता मुद्द्याचे. गारपीट झाली की पाने फाटतात, काड्या मोडतात, घड जमिनीवर पडतात. लांबून पाहणाऱ्याला बाग छाटल्यासारखीच दिसेल. परंतु कोणताही बागायतदार गारपिटीला छाटणी म्हणणार नाही. छाटणी करणारा प्रत्येक काडी हातात धरतो, डोळे मोजतो, कोठे कापायचे ते ठरवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बागेत येतो. ज्या वर्षी आमच्या भागात गारांनी बागा झोपवल्या, त्या वर्षी उपदेशात "देवाने तुमची छाटणी केली" असे ऐकावे लागले आणि कर्जात बुडालेली माणसे मान खाली घालून बसली होती. हे बोलणे मला आजही अन्यायाचे वाटते. त्याच अध्यायाच्या तिसऱ्या वचनात प्रभू शिष्यांना म्हणतो की, जे वचन मी तुम्हांला सांगितले त्यामुळे तुम्ही आधीच शुद्ध झाला आहात. म्हणजे पिता वचनाने साफसफाई करतो, असे तेथेच लिहिलेले आहे. संकटाचा उल्लेख तेथे नाही.

माझे म्हणणे एवढेच की, दाखला द्यायचा असेल तर ती गोष्ट प्रत्यक्षात कशी घडते हे आधी नीट पाहावे. प्रभूच्या दाखल्यांतील शेतकरी, मजूर आणि मेंढपाळ खरे वाटतात, कारण त्याने ती माणसे जवळून पाहिली होती.

उत्तर : परिचारिका, पुणे जिल्हा

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, परंतु एक भीतीही वाटते. इतकी सावधगिरी बाळगली, तर साध्या बायका साक्ष द्यायच्याच थांबतील. आमच्या सभांतून ज्या बायका बोलतात, त्यांना एरवी चार माणसांत बोलण्याची संधी मिळत नाही. जीप चुकलेल्या भगिनीला कोणी टोकू नये.

ताई, तुमच्या वर्गासाठी मला पंडिता रमाबाईंचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. तरुण वयात त्यांनी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील बातम्या आल्या, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली व विधवा यांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच वाढले. स्वतःच्या उपासमारीच्या अनुभवातून त्यांनी जो धडा घेतला, त्याने त्यांना प्रवासाला लावले. म्हणून "देवाने काय शिकवले?" या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडावा : "आता तू कोणाकडे जाशील?" ज्याची शेळी सापडली, तो न सापडलेल्याबरोबर शोधायला जाऊ शकतो. आणि जी बहीण सभेतून उठून गेली, तिच्याकडे या आठवड्यात कोणीतरी जावे. भावाची आठवण काढावी, त्याचे नाव घेऊन बोलावे, आणि वचन तिने मागितले तरच वाचावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. त्या बहिणीकडे उद्या संध्याकाळी जात आहे. जीप चुकलेल्या भगिनीही स्वतःहून बरोबर येते म्हणाल्या. येत्या रविवारी बारावा अध्याय पहिल्या वचनापासून वाचून घेईन. दादा, ऑक्टोबर छाटणीच्या वेळी मुलांना तुमच्या बागेत आणले तर चालेल का?

द्राक्षबागायतदार, दिंडोरी तालुका

अवश्य आणा, पण छाटणी झाल्याझाल्या नको, कारण तेव्हा डोळ्यांना जे रसायन लावतात ते अंगाला फार अपायकारक असते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी या. तेव्हा घड नुकते दिसू लागलेले असतात आणि फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या नको त्या फुटी, काढण्याचे काम चालू असते. कोणती फूट काढायची आणि कोणती राखायची, हे मुलांना जवळून दाखवता येईल. येण्याआधी कळवा, म्हणजे त्या दिवशी फवारणी ठेवणार नाही.