लेनी ब्रिस्को खरंच गायचा का?

माजघर विचारते:

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा बावळट वाटेल, पण विचारतेच.

सध्या मुलाकडे आले आहे, न्यू जर्सीला. दुपारी घरात मी आणि टीव्ही. एका चॅनेलवर 'लॉ अँड ऑर्डर' या पोलीस-कोर्टाच्या मालिकेचे जुने भाग ओळीने लागतात. एक संपेपर्यंत कणीक मळून होते, दुसरा संपेपर्यंत भाजी निवडून. त्यातला लेनी ब्रिस्को हा डिटेक्टिव्ह माझा लाडका. लांबुडका चेहरा, डोळ्यांखाली पिशव्या, अंगात ओव्हरकोट, आणि प्रेतापाशी उभा राहून असं काही तिरकस बोलतो की मला आमच्या मामांची आठवण येते. मामा एसटीत होते, अपघाताचा पंचनामा सांगतानाही हसवायचे.

तर परवा नातवाबरोबर 'ब्यूटी अँड द बीस्ट' पाहत होते, १९९१चं जुनं कार्टून. त्यात एक मेणबत्तीदान फ्रेंच झोकात गाणं म्हणतं, ताटवाट्या नाचवतं. आवाज ओळखीचा वाटला म्हणून शेवटची नावं थांबवून वाचली. जेरी ऑर्बाक! म्हणजे आमचा ब्रिस्कोच. मुलगा म्हणाला, "आई, तो मुळात ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या नाटकांमधला, गायक नट होता, मोठा."

हे खरं का? आणि खरं असेल तर अशा माणसाला १२ वर्षं प्रेतं बघत का फिरवलं? मला मनापासून वाईट वाटलं. वाया गेला की हो माणूस.

कांदाभजी:

'डर्टी डान्सिंग'मधला हिरॉइनचा बाप पण तोच. अख्खा सिनेमा नाचाचा आणि हा फक्त नाराज होऊन बसलेला. बाकी जाणकार सांगतीलच, मी बसलोय पॉपकॉर्न घेऊन.

एडिसनकर_९८:

खरं आहे. आम्ही इथे आलो तेव्हा बुधवारी रात्री दहाला एनबीसी वाहिनीवर नवा भाग लागायचा. माझं अर्धं इंग्रजी ब्रिस्कोकडून शिकलेलं आहे, ऑफिसात त्यामुळे दोनतीनदा गोत्यात आलो.

वाया वगैरे काही गेला नाही. १९९२च्या शेवटी मालिकेत आला तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता. त्या वयात न्यूयॉर्कमध्ये घरापासून हाकेच्या अंतरावर दरमहा पगाराचं काम मिळालं, तर कोण सोडेल? त्याआधी 'मर्डर, शी रोट'मध्ये खाजगी गुप्तहेर हॅरी मॅकग्रॉ झाला होता, त्या पात्राची वेगळी मालिकाही काढली, पण ती टिकली नाही. ही टिकली.

तिसरी_घंटा:

माजघरताई, 'वाया गेला' वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो.

आधी माझी ओळख. मी ३१ वर्षं व्यावसायिक नाटकांचे दिवे केले. दादर, पार्ले, ठाणे, गडहिंग्लज, जिथे बस जाईल तिथे. आता गुडघे गेले, लेक जर्सी सिटीत असते म्हणून अधूनमधून इकडे येतो. दिव्यांच्या माणसाला नट चांगला की वाईट हे संवादांवरून नाही, उभं राहण्यावरून कळतं. काही नटांच्या मागे प्रकाश घेऊन धावावं लागतं. काही नट अंधारात चालत येतात आणि बरोबर प्रकाशात येऊन थांबतात, खाली न बघता. दिव्याची ऊब गालावर कळते त्यांना. ब्रिस्को कुठल्याही खोलीत शिरताना बघा. पहिल्या भागातच मी लेकीला म्हटलं, हा रंगमंचावरचा आहे.

जन्म १९३५चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला. वाढला इलिनॉयमधल्या वॉकेगन नावाच्या गावात. कॉलेज अर्धवट टाकून १९५५ला न्यूयॉर्कला आला आणि 'थ्रीपेनी ऑपेरा'त बदली नट म्हणून चिकटला, म्हणजे कुणी आजारी पडलं तर उभं राहायचं. करता करता त्यातला मुख्य चोर मॅकहीथच झाला. बदलीतून वर आलेला नट वेगळाच असतो. त्याला सगळ्यांच्या जागा पाठ असतात.

मग १९६०ला 'द फँटॅस्टिक्स'. ग्रीनिच व्हिलेजमधलं सलिव्हन स्ट्रीटवरचं थिएटर, दीडशेच्या आसपास खुर्च्या. ऑर्बाक त्यातला एल गायो, म्हणजे सूत्रधारच म्हणा. सुरुवातीलाच एकटा पुढे येऊन 'ट्राय टू रिमेंबर' म्हणतो आणि नाटक सुरू. तो स्वतः लवकरच निघून ब्रॉडवेवर 'कार्निव्हल' करायला गेला, पण नाटक तिथेच २००२पर्यंत चाललं. ४२ वर्षं, १७,१६२ प्रयोग. आमच्याकडे हजारावा प्रयोग झाला की पेपरात फोटो येतो.

मूळ प्रयोग मी कुठून बघणार. पण हेच नाटक पुढे ५०व्या रस्त्यावर पुन्हा उभं केलं होतं, आणि त्या छोट्या थिएटरचं नावच जेरी ऑर्बाक थिएटर. २०१४ला लेकीने नेलं. लाकडी चौथरा, एक पियानो, एक हार्प, आणि पुठ्ठ्याचा चंद्र. चंद्र उलटा केला की मागे सूर्य. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. आयुष्यभर चांदण्याचा निळा जमावा म्हणून दिव्यावर रंगीत जिलेटिनच्या कागदावर कागद चढवले आणि यांनी पुठ्ठ्यावर भागवलं. आणि चांदणं पडलं हो. एल गायो म्हणाला चांदणं आहे, की आहे.

लांबतंय, पण ऐका. १९६८ला 'प्रॉमिसेस, प्रॉमिसेस'. संगीत बर्ट बॅकरॅकचं. त्या गाण्यांत मात्रा मधेच वाढते, मधेच एक गळते, नट बेसावध असला की समेवर तोंडघशी पडणार. ऑर्बाकचं ध्वनिमुद्रण ऐका, तो बोलल्यासारखा गातो आणि तरी एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. त्याला १९६९चं टोनी, म्हणजे तिथल्या नाटकांचं मोठं पारितोषिक, मिळालं, संगीतिकेतल्या सर्वोत्तम नटाचं.

आणि १९७५ला बॉब फॉसीचं 'शिकागो'. त्यात हा बिली फ्लिन, खुनी बायकांना सोडवणारा चकचकीत वकील. ज्युरीच्या डोळ्यांत धूळ कशी फेकायची ते गाऊन दाखवतो. एका गाण्यात आरोपी बाईला मांडीवर बाहुलीसारखं बसवून तिच्या तोंडून स्वतःच बोलतो, शब्दभ्रमकारासारखा. ताई, आता गंमत बघा. सतरा वर्षांनी हाच माणूस पोलीस झाला आणि त्याने घाम गाळून धरलेले आरोपी असल्याच वकिलांनी सोडवले. कोर्टाबाहेर वकिलाकडे बघताना ब्रिस्कोच्या चेहऱ्यावर जो कंटाळा असतो, तो मला नेहमी जुन्या ओळखीचा वाटतो.

गंमत अजून आहे. ब्रिस्कोच्या आधी त्या खुर्चीत पॉल सोरव्हिनो होता. तोही गाणारा, ऑपेराचा नाद असलेला. न्यूयॉर्कच्या थंडीत रात्री रस्त्यावर शूटिंग, घसा बसायला लागला, म्हणून आवाज जपायला तो मालिका सोडून गेला. त्याच्या जागी कुणाला आणलं? ब्रॉडवेच्या गायकाला!

माजघर:

बाप रे. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. पण दादा, तुम्ही माझीच बाजू मांडलीत की. एवढं सगळं येणारा माणूस आणि मालिकेत एक ओळ गुणगुणत नाही. सोरव्हिनोने निदान गाणं निवडलं.

तिसरी_घंटा:

गाणं नाही, पण गाण्याची बैठक तीच आहे. बहुतेक भागांच्या सुरुवातीला प्रेत सापडतं, ब्रिस्को वाकून बघतो आणि एक वाक्य टाकतो. मग नावं सुरू. ते आपलं टाळीचं वाक्य आहे. नाटकात नट वाक्य टाकून थांबतो, हशा उसळतो, ओसरायला लागला की पुढचं वाक्य उचलतो. इथे हसायला कोणी नाही, समोर कॅमेरा आणि कडाक्याची थंडी. तरी तो वाक्यानंतर श्वासभर जागा सोडतो. ताई, तुम्ही कणीक मळता मळता नेमक्या त्या जागी हसता ना? ती जागा तुमच्यासाठी ठेवलेली आहे. रोज रात्री हजार माणसांचा हशा ऐकल्याशिवाय ही मोजणी अंगात येत नाही.

वाईट वाटायचं असेल तर दुसऱ्या गोष्टीचं वाटू द्या. त्याच्या ऐन उमेदीतलं रंगमंचावरचं काम आज आपल्याला बघता येत नाही. रेकॉर्डी आहेत, टोनीच्या समारंभातल्या काही मिनिटांच्या चित्रफिती आहेत, बास. ब्रिस्को मात्र पावणेतीनशेच्या आसपास भागांत हिंडतोय. माझंही तेच. ३१ वर्षांतलं उरलंय काय, तर क्यूच्या, म्हणजे दिवा कधी बदलायचा त्या खुणांच्या, वह्या. एका वहीत नुसतं लिहिलंय, "४२ – सावकाश, बाई रडून होऊ दे." कुठलं नाटक ते आता आठवत नाही.

झांजीबार:

घंटाकाका, लेखन झकास, पण एक टोचणी. मालिका म्हणजे तेच तेच आणि नाटक म्हणजे रोज नवं, असं कृपया नको. '४२वी स्ट्रीट' या संगीतिकेत ऑर्बाकने ज्युलियन मार्श हा दिग्दर्शक काही वर्षं केला. आठवड्याला आठ प्रयोग. तीच पावलं, तोच कोट, तोच पडदा. मालिकेत निदान दर आठवड्याला प्रेत तरी नवीन.

तिसरी_घंटा:

झांजीबार, मान्य. आठ प्रयोगांचं ऐकून माझेच पाय दुखले. आपल्याकडे शनिवार-रविवार तीन-चार झाले की नट कुरकुरतात.

पण '४२वी स्ट्रीट'चं नाव काढलंत तर पहिल्या रात्रीचं सांगायलाच हवं. २५ ऑगस्ट १९८०, विंटर गार्डन थिएटर. दिग्दर्शक गावर चँपियन त्याच दिवशी रुग्णालयात वारला. निर्माता डेव्हिड मेरिकने ही बातमी नटांना कळू दिली नाही. प्रयोग तुफान झाला, पडदा पुन्हा पुन्हा वर, लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत. तेवढ्यात मेरिक मंचावर आला आणि सांगितलं की गावर चँपियन आज गेला. शेजारी पोरीबाळी नाचून घामाघूम उभ्या, त्यांना तिथे, हजार लोकांसमोर कळलं. सगळे गोठले. त्या वेळी विंगेकडे ओरडून पडदा पाडायला लावला तो ऑर्बाकने.

नाटकात तो दिग्दर्शकच झाला होता. त्या क्षणी कंपनीत दुसरं कोणी उरलंच नव्हतं. मी विंगेत दोन वेळा मरणाच्या बातम्या दाबून ठेवलेल्या पाहिल्यात, एकदा नायिकेच्या वडिलांची. बातमी मध्यंतराला सांगायची की शेवटी, यावर आमच्याकडे हळू आवाजात भांडणं झाली होती. पण पडदा पडल्यावर, मेकअपच्या खोलीत सांगितलं. प्रेक्षकांसमोर कधीच नाही. मेरिकला मी माफ करत नाही, माझ्या माफीवाचून त्याचं काही अडलं नसलं तरी.

कांदाभजी:

पॉपकॉर्न संपलं. पोलिसाचं काम इतकं खरं कसं करायचा पण?

एडिसनकर_९८:

पोलिसांचं माहीत नाही, गुंडांचं त्याला चांगलंच ठाऊक होतं. १९७१ला एका सिनेमात त्याने जोई गॅलो या ब्रुकलिनच्या खऱ्या गुंडावर बेतलेलं पात्र केलं. गॅलो तुरुंगातून सुटून आलेला, त्याने नटाला भेटायला बोलावलं आणि दोघांची मैत्रीच जमली. इतकी, की मार्च १९७२मध्ये गॅलोचं लग्न ऑर्बाकच्या घरात लागलं. पुढच्याच महिन्यात, ७ एप्रिलला, वाढदिवसाच्या रात्री गॅलोला लिटल इटलीतल्या एका खानावळीत गोळ्या घातल्या. त्याच संध्याकाळी ऑर्बाक दांपत्य त्याच्याबरोबर कोपाकबाना क्लबात होतं. नंतर खरे डिटेक्टिव्ह याच्याकडे चौकशीला आले. ब्रिस्को होण्याच्या वीस वर्षं आधी टेबलाच्या पलीकडे बसून झालं होतं त्याचं.

आणि माजघरताई, मालिकेने रंगभूमीचं नुकसान नाही, उपकारच केले. सगळं चित्रण न्यूयॉर्कमध्ये. त्यामुळे शहरातल्या नाटकवाल्यांना दिवसा साक्षीदार, चहावाला, न्यायाधीश असलं काम मिळायचं आणि रात्री प्रयोगाला हजर राहता यायचं. इथे नाटकाला जाल तर हातात मिळणाऱ्या पुस्तिकेत नटांच्या माहितीत 'लॉ अँड ऑर्डर' शोधा, सापडेलच. ब्रिस्कोचा शेवटचा जोडीदार ग्रीन, म्हणजे जेसी मार्टिन, तोही 'रेंट'च्या मूळ संचातला.

माजघर:

आता वाया गेला म्हणत नाही, शब्द मागे. काल 'ट्राय टू रिमेंबर' लावलं. नातू म्हणाला, "आजी, कॅंडलवाला अंकल हळू गातोय." मला वाटलं होतं मोठ्ठा आवाज लावत असेल. तसं नाहीच, अगदी कानाशी बोलतो.

शेवट कसा झाला त्याचा?

एडिसनकर_९८:

प्रोस्टेटचा कर्करोग, बरीच वर्षं होता आणि तो काम करत राहिला. २००४ला मूळ मालिका सोडली, तरी तिच्याच भावंड मालिकेत ब्रिस्को म्हणून दोन भागांचं काम केलं. २८ डिसेंबर २००४ला गेला, ६९ वर्षांचा. एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं पारितोषिक, कधी मिळालं नाही. डोळे दान केले होते, शेवटपर्यंत चष्म्यावाचून दिसायचं म्हणे त्याला. पुढे सबवेत नेत्रपेढीची जाहिरात लागली होती त्याच्या फोटोसकट. मी त्याच गाडीत उभा राहून फॉर्म भरायचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी भरला.

तिसरी_घंटा:

आणि ब्रॉडवेच्या थिएटरांच्या दर्शनी पाट्यांचे दिवे मंद केले, एक मिनिट. इथली रीतच आहे ती. लेकीने सांगितलं तेव्हा मी पहिलं विचारलं, एकदम की हळूहळू? तिला माहीत नव्हतं.

एडिसनकर_९८:

माजघरताई, परत जायच्या आधी एक करा. न्यू जर्सीहून रेल्वेने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, तिथून आठव्या अव्हेन्यूने सरळ वर. ५३व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर खांबाकडे बघा, 'जेरी ऑर्बाक वे' अशी पाटी आहे, २००७पासून. तिथेच राहायचा तो. चालायला अर्ध्या तासाच्या आत.

तिसरी_घंटा:

अर्धा तास तुमच्या गुडघ्यांनी. ताई, बस घ्या. आठव्या अव्हेन्यूची बस वरच्या दिशेनेच जाते. आणि संध्याकाळी जा, पाट्यांचे दिवे लागल्यावर.