बेळगाव-खानापूर-निपाणीकडची तरुण मुलं दूरदर्शन, आकाशवाणी लावतात का? लावत नसाल तर का नाही?

मलप्रभाकाठची (प्रश्न)

नमस्कार. मी खानापूरची, बेळगावात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात तरुण आणि सरकारी प्रसारण या विषयावर बोलायचं होतं, म्हणून आठवडाभर सकाळच्या बसमध्ये मैत्रिणींना विचारत होते, दूरदर्शन शेवटचं कधी लावलंस? बहुतेकींना आठवेना. एकीच्या घरावर फ्री डिशची छत्री आहे, पण ती आजोबांची. बाकी सगळ्या फोनवर. रील्स, यूट्यूबवर मालिकांचे तुकडे, आयपीएल. मीही तेच बघते.

पण ‘तरुणांना आवड नाही’ एवढंच म्हणून विषय सोडवत नाही मला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी आठवीत होते. मलप्रभेला पूर आलेला, आमच्या गल्लीत तीन दिवस लाईट नाही, फोन बंद. आत्या सांगलीत, गावभागात. आजीनं ट्रान्झिस्टर काढला, सेल चुलीशेजारी ठेवून शेकले आणि सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लावल्या. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे ते सांगितलं की आजी डोळे मिटून बसायची. २००५ च्या पुरात ती आत्याकडेच होती. तेव्हा कितव्या पायरीला पाणी लागलं होतं ते तिला पाठ होतं, त्यावरून आता पाणी कुठं असेल ते ती सांगायची. पायरी, उंबरा, मग देवघर. तिसऱ्या दिवशी ती काही बोललीच नाही, आणि पाणी देवघराच्याही वर गेलं हे आम्हांला कळलं.

त्या बातम्यांत सांगली होती, कोल्हापूर होतं. आमच्या दारात आलेली मलप्रभा मात्र धारवाडच्या कन्नड बातम्यांत. त्या आजीला अर्ध्याच समजायच्या, उरलेलं मी सांगायची. शाळेत कन्नड शिकले त्याचा एवढा उपयोग मला आधी कधी झाला नव्हता.

तुमचं काय? खरंखरं सांगा.

निपाणीचा

मी गॅरेजात काम करतो. आमच्याकडे कोल्हापूर आकाशवाणी, १०२.७, सकाळपासून चालू असते. हात ग्रीसनं भरलेले, फोन कोण धरणार? गाणी चांगली असतात, मध्ये शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागतो, तोही ऐकतो. घरी गेल्यावर मात्र फोनच. टीव्ही आई बघते.

टिळकवाडी ते हिंजवडी

मी पुण्यात नोकरीला. माझ्या मते सवय मोडली हे खरं कारण. अमुक वाजता अमुक कार्यक्रम म्हणून बसायचं, हे आमच्या पिढीला जमत नाही. लॉकडाऊनमध्ये २०२० ला रामायण परत लागलं तेव्हा आम्ही सगळे वेळेवर बसलो, कारण दुसरीकडे जायचंच नव्हतं. आता प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. दूरदर्शन, आकाशवाणी दोन्ही त्यात सापडतात. सह्याद्रीच्या बातम्या यूट्यूबवरही असतात. बघायचं म्हटलं तर अडत नाही.

वडगावचा काका

बाळ, आजीचं वाचून बरं वाटलं. एक दुरुस्ती. सरकारी म्हणतात खरं, पण कायदा १९९० चा आणि १९९७ पासून दूरदर्शन-आकाशवाणी प्रसार भारती या स्वायत्त मंडळाकडे आहेत. पैसा मात्र बराचसा सरकारी अनुदानातून येतो, त्यामुळे लोक सरकारी म्हणणारच. आमच्या लहानपणी रेडिओचं लायसन पोस्टात भरायला लागायचं, घरात त्याचं पुस्तक असायचं. आम्ही आकाशवाणीचा तरुणांसाठीचा युववाणी कार्यक्रम ऐकायचो, पत्रं लिहायचो. आपलं पत्र वाचलं की गल्लीभर सांगायचो.

रेडिओ अजून असेल तर मीडियम वेव्हला सांगली १२५१ वर लाव. खरखर आली तर एलईडी बल्ब आणि फोनचा चार्जर बंद करायचा, आणि रेडिओ उभा-आडवा फिरवून बघायचा. एरिअल आतच असते, बाहेरची काडी ओढून उपयोग नाही.

मलप्रभाकाठची

काका, आभार. काल तसंच केलं. रेडिओ खिडकीत तिरका ठेवला तर आवाज एकदम स्वच्छ.

टिळकवाडीच्या दादा, ॲप काल घेतलं, चांगलं आहे. पण मला अडतंय ते वेगळ्याच जागी. सह्याद्री लावलं की मुंबई, पुणे, नागपूर. चंदना, म्हणजे दूरदर्शनचं कन्नड चॅनल, लावलं की बेंगळुरू. मी मराठीत विचार करते, बस कर्नाटकाची, गुणपत्रक कन्नड-इंग्रजीत, आत्या सांगलीत. जांबोटीच्या रस्त्यावर झाड पडलं, कणकुंबीला किती पाऊस झाला, हे मला कुठं कळतं? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. तिथं एका पावसाळ्यात धरण फुटलं म्हणून कुणीतरी टाकलं आणि शेजारच्या काकूंनी रात्री भांडीकुंडी माळ्यावर चढवली. धरण जागच्या जागी होतं. काकू दोन दिवस झोपल्या नाहीत.

म्हणून मी भाषणात हेच म्हणणार आहे की आम्हांला आकाशवाणी जुनाट वाटत नाही, ती आमच्या गावाचं नाव घेत नाही. पावसाळ्यात रोज पाच मिनिटं, मराठी आणि कन्नड दोन्हींत, नद्यांची पातळी आणि बंद रस्ते सांगितले तर आमच्या बसमधली प्रत्येक मुलगी ऐकेल. फोनवर का होईना, ऐकेल. आम्हांला परत घरी जायचं असतं.

निपाणीचा

यमगर्णीपाशी वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं की गाड्या आमच्याच दारात अडकतात. पाच मिनिटांत तेही घ्या. भाषण कधी आहे?

मलप्रभाकाठची

शुक्रवारी. यमगर्णी लिहून घेतलं.