क्वारंटाइनशिवाय नवा मासा टाकीत सोडायचा नाही, माझं ठाम मत

खारेपाणी_परळ
गणपतीच्या आधी एक पावडर ब्लू टँग, समुद्री मासा, आणला. दुकानाचं नाव घेत नाही. दुकानदाराने माझ्यासमोर त्याला खायला घातलं, मासा तुटून पडला खाण्यावर. माझी टाकी चार वर्षांची, साडेतीनशे लिटरची. पिशवीत तासभर थेंबथेंब टाकीचं पाणी देऊन सोडला. पाचव्या दिवशी त्याच्या परांवर रव्याचे दाणे चिकटावेत तसे ठिपके. पंधरा दिवसांत पाच मासे गेले. मोठी क्लाउन मासोळी शेवटच्या रात्री वेव्हमेकरच्या, म्हणजे लाटा करणाऱ्या पंपाच्या, झोतात तोंड करून उभी होती, कल्ले सारखे फडफडत होते. सकाळी नव्हती.

चूक पूर्णपणे माझी. म्हणूनच लिहितोय. खाऱ्या पाण्याचा इच, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी, माशाच्या अंगावर साधारण तीन ते सात दिवस असतो. मग गळून वाळूत, दगडावर कवच करून बसतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडतात. ठिपके गेले की आपल्याला वाटतं मासा बरा झाला, आणि त्याच वेळी वाळूत पुढची फौज तयार होत असते. तांब्याचं औषध फक्त त्या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, आणि मुख्य टाकीत ते घालता येत नाही, कारण कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं मरतं. म्हणजे एकदा आत शिरला की टाकी माशांविना रिकामी ठेवणं एवढाच खात्रीचा उपाय. एक महिना वेगळा ठेवायचा कंटाळा केला आणि ही वेळ आली. माझं म्हणणं, प्रत्येक मासा, अपवाद नाही.

डोंबिवली_रीफ
दादा, वाचून वाईट वाटलं. पण "अपवाद नाही" हे मला मान्य नाही. दहा वर्षांत माझे जितके मासे इचने गेले त्याहून जास्त क्वारंटाइनमध्ये गेले. लोक चाळीस लिटरची कोरी टाकी लावतात, फिल्टरमध्ये माशाच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया नाहीत, तिसऱ्या दिवशी अमोनिया चढतो. मासा विमानातून, पिशवीतून आधीच दमून आलेला. त्यात मे महिन्यात एवढ्याशा पाण्याचं तापमान बत्तीसला जातं. पाणी उडालं की क्षारही वाढतात आणि तांब्याचं प्रमाणही. मँडरिन मासा तर कोऱ्या टाकीत उपाशीच मरतो, त्याला दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे बारीक जिवंत किडे, लागतात. वन बीएचकेमध्ये दुसरी टाकी ठेवायची कुठे, हा वेगळाच प्रश्न. मी सरळ मुख्य टाकीत सोडतो, लाइट बंद ठेवतो, भरपूर खायला घालतो, पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा चालू. इच तसाही प्रत्येक टाकीत असतोच, तब्येत चांगली असली की मासा तोंड देतो.

खारेपाणी_परळ
शेवटचं वाक्य सोडून बाकी बरंचसं पटतं. प्रत्येक टाकीत इच नसतो. त्याला माशाचं अंग लागतंच, त्याशिवाय तो जगत नाही. बाहेरून माशाबरोबर, नाहीतर कोरलच्या दगडाबरोबर आणला तरच येतो. "असतोच" म्हणून आपण दार उघडं ठेवतो.

अमोनियावर उपाय सोपा आहे. एक स्पंज कायम मुख्य टाकीच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या खालच्या टाकीत, पडू द्या, त्यावर बॅक्टेरिया बसतात, मासा आणायच्या दिवशी काढून क्वारंटाइनच्या फिल्टरला लावा. वाळू नको, दगड नको, ते तांबं शोषतात. लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो पुरतात.

ऐरोलीची_खाडी
मध्येच बोलते. दोघेही सोडण्याच्या पद्धतीवर नीट बोलला नाहीत, आणि पहिल्याच दिवशी मासे तिथेच जातात. लांबून आलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली, म्हणजे पाणी जास्त आम्लधर्मी, असतो, म्हणून साचलेला अमोनिया कमी विषारी राहतो. पिशवी उघडली की पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया जहरी होतो. अशा पाण्यात तासभर थेंबथेंब म्हणजे माशाचे हाल. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, क्वारंटाइनचे क्षार आधीच पिशवीच्या पाण्याएवढे ठेवा, मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीचं पाणी फेकून द्या. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला थेंबथेंब चालतं.

आणि डोंबिवलीदादा, जमेल तिथे पैदास केलेला क्लाउन घ्या. आमच्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची पैदास होते. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा खायला लवकर लागतात. मात्र दुकानात सगळ्या टाक्यांचं पाणी एकच फिरत असेल तर तोही वेगळाच ठेवायचा.

डोंबिवली_रीफ
स्पंजचं करतो, हे मला आधी सुचायला हवं होतं. पण मासा खातोय, कल्ले नीट चालताहेत, अंगावर काही नाही, तरी सरसकट तांबं? नाही पटत. माशालाही ते जड जातं. मी वेगळा ठेवून नुसतं बघेन.

खारेपाणी_परळ
नुसतं बघून फसतो आपण, इच कल्ल्यांत असेल तर बाहेरून दिसत नाही. तांबं नको असेल तर दर तीन दिवसांनी मासा कोरड्या, स्वच्छ टाकीत नव्या पाण्यात हलवा, चार वेळा. अंगावरून गळून पडलेला इच मागच्या टाकीतच राहतो. वेल्वेट नावाच्या दुसऱ्या परजीवीवर मात्र हे चालत नाही, अंगावर सोनेरी धूळ दिसली तर तांब्यासारखं औषध लागतंच.

डोंबिवली_रीफ
बारा दिवस, दोन टाक्या आलटून पालटून. हे घरात जमेल. पण मँडरिन मी तरी थेटच सोडणार.

ऐरोलीची_खाडी
मँडरिनला मी पण तांबं देत नाही. कोपेपॉड वेगळ्या बादलीत वाढवून क्वारंटाइनमध्ये रोज ओतते. कटकट आहे, पण दोन महिने झाले, जिवंत आहे.

खारेपाणी_परळ
हे करून बघतो पुढच्या वेळी. सध्या उरलेले दोन मासे बाहेर तांब्यात आहेत आणि मुख्य टाकी शहात्तर दिवस माशांविना ठेवायचीय. आज एक्केचाळिसावा. आत फक्त दोन कोळंब्या आणि गोगलगायी. लेक रोज शाळेतून आली की त्यांनाच चिमूटभर खाणं टाकते.