चकलीची भाजणी: वाटीचं प्रमाण किलोत कसं बसवायचं?

मृदुला_डोंबिवली
सासूबाईंच्या वहीतली भाजणी: ४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, १ वाटी जाडे पोहे, पाव वाटी धने, २ चमचे जिरे. यंदा सोसायटीतल्या ऑर्डरी घेतल्यात, ५ किलो भाजणी लागेल. वाण्याला यादी किलोत द्यायची आहे. वाटीच्या जागी किलो धरून त्याच पटीत सगळं घेतलं तर चालेल का? नेटवर 'एक कप म्हणजे इतके ग्रॅम' असे तक्ते पाहिले, पण प्रत्येकाचा आकडा वेगळा.

अनघाताई_मिरज
मृदुला, तांदूळ-डाळींना चालेल गं, पोह्यांपाशी घोळ होईल. माझी वाटी पाण्याने २०० मिलीची. सपाट भरली की तांदूळ १६५ ग्रॅमच्या आसपास, हरभरा डाळ १६०, उडीद-मूग १६५-१७०. उन्नीस-बीस. पण जाडे पोहे त्याच वाटीत जेमतेम ७५ आणि धने वाटीभर घेतले तरी ६०-६५. वाटीचा किलो केलास तर पोहे दुपटीच्या वर जातील, धने अडीचपट. मग ती सासूबाईंची भाजणी राहिली कुठे?

पाच किलोची यादी अशी दे: तांदूळ अडीच किलो, हरभरा डाळ १ किलो २००, उडीद ६२५ ग्रॅम, मूग ३२०, पोहे २८५, धने ५५-६०. जिरे चमच्यानेच मोज, सात-आठ चमचे. भाजताना ओल जाते, थोडं पीठ गिरणीतही अडकतं, तेव्हा सगळंच जरा चढतं घे. आणि गव्हावर दळून आणू नकोस हो, गिरणीवाला 'काही होत नाही ताई' म्हणेल, ऐकायचं नाही.

मेलबर्नकर
तक्ते जुळत नाहीत कारण कपच वेगळे. अमेरिकन कप साधारण २३७ मिली, आमच्याकडे २५०, जपानी २००. मोठा चमचासुद्धा इतरत्र १५ मिली, ऑस्ट्रेलियात २०! शिवाय मैदा चमच्याने हलका भरला तर अमेरिकन कपात १२० ग्रॅम, डब्यात कप खुपसून काढला तर १४० च्या पुढे.

आप्पा_वाईकर
आमच्या घरी भाजणी पायलीने व्हायची. पायली म्हणजे चार शेर, अर्ध्या शेराचं मापटं, पाव शेराचं चिपटं. मापाचा शेर निराळा, वजनाचा निराळा. १९५६ च्या कायद्यानंतर किलो आला, पण माजघरातली मापं काही लगेच हलली नाहीत.

मृदुला_डोंबिवली
अनघाताई, यादी उतरवून घेतली. मोहन कसं धरू? वहीत 'वाटीला एक मोठा चमचा तेल' एवढंच आहे.

अनघाताई_मिरज
दळलेलं पीठ वाटीने मोजूच नकोस, हलकं भरलं की कमी, दाबलं की जास्त. वजन कर. किलोभर भाजणीला १०० ते १२५ मिली तेल, कडकडीत तापवून. तेल काट्यावर घेणार असशील तर पिशवीवर वाच: १ लिटर, ९१० ग्रॅम. म्हणजे १०० मिलीला ९१ ग्रॅम. पाण्याचं माप मात्र कुणाला विचारू नकोस, भाजणी किती खमंग भाजलीस त्यावर ते ठरतं. आधी मूठभर पीठ भिजवून दोन चकल्या तळून बघ.