मदत हवी आहे: कोझुमेलला जहाज नऊ तास थांबणार, स्नॉर्केलिंग कुठे करावं? (बाबांच्या मिशा आणि आईचे गुडघे धरून)

पाणकोंबडी:

नमस्कार मंडळी,

आम्ही ह्यूस्टनला असतो. नाताळच्या सुट्टीत गॅल्वेस्टनहून सुटणारी क्रूझ घेतली आहे. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेले माझे आई-बाबा. व्हिसा, विमा वगैरे मार्गी लागलंय. घोडं अडलंय ते एका दिवसापाशी. बुधवारी जहाज कोझुमेलला (मेक्सिकोतलं बेट) सकाळी आठला लागतं, पाचला सुटतं, साडेचारला सगळ्यांनी आत. तेवढ्यात स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून, वरून तरंगत मासे बघणं) कुठे करायचं हे शोधता शोधता सदतीस टॅब उघडे पडलेत आणि नवऱ्याने "तू ठरवशील ते" म्हणून अंग काढून घेतलंय.

आधी माणसं सांगते, कारण खरी अडचण तीच आहे.

बाबा, वय ६७. पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्यांना विहिरीत ढकललं होतं, तिथे पोहायला शिकले. ऐन पुरात आयर्विन पुलावरून कृष्णेत उडी मारली होती असं लहानपणापासून ऐकत आलोय (आजी म्हणायची, खोटं आहे). बीपीची एक गोळी रोज. चष्मा उणे चारचा. आणि मिशा. नुसत्या मिशा नाहीत, भरघोस.

आई, ६३. समुद्रात घोट्यापर्यंत, तेही साडी-सलवार सावरत. गुडघे दुखतात. "मी बसते काठावर, तुम्ही या जाऊन" हे तिकीट काढलं त्या दिवशीच म्हणून झालंय. पण मला तिलाही मासे दाखवायचे आहेत.

लेक तलावात छान पोहते, पण मधूनमधून कडेला हात टेकायला लागतो.

चार वर्षांपूर्वी मालवणला गेलो होतो तेव्हा बाबांनी हौसेने स्नॉर्केलिंग केलं. होडीतून नेलं, एकाने रिंग धरली, दुसऱ्याने पाण्यात पाव कुस्करला. मासे आले असतीलही, पण बाबांच्या मास्कमध्ये पहिल्या मिनिटापासून पाणी. नाकात खारं पाणी, ठसका, आणि दहा मिनिटांत "चला, झालं". वर आल्यावर ते कुणाशी काही बोलले नाहीत. हॉटेलवर येऊन म्हणाले, "विहीर बरी." ते पुन्हा व्हायला नको आहे.

माझ्यापुढे असलेले पर्याय:

बोटीने समुद्रातली तीन ठिकाणं: पालांकार आणि कोलंबिया ही प्रवाळांची, आणि एल सिएलो. साधारण चार तास. सगळे म्हणतात, कोझुमेलला जाऊन हे केलं नाही तर काय केलं. सकाळी नऊच्या बोटीवर पाच जागा अडवून ठेवल्या आहेत, अजून रद्द करता येतील.

चांकानाब. किनाऱ्यावरची बाग, तिकीट काढून आत जायचं आणि तिथूनच पाण्यात उतरायचं.

नाहीतर एखादा बीच क्लब. वाळू, खुर्च्या, जेवण, लेकीला फुगवलेल्या घसरगुंड्या.

कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं आहे का?

लिंबूटिंबू:

काही माहिती नाही, पण बाबांच्या मिशांचा फोटो टाका.

टेक्सासतात्या:

तीनदा गेलोय, त्यातल्या एकदा सासूबाईंना घेऊन. बीच क्लब यादीतून काढून टाका. जेवण बरं असतं, पण खाली नुसती वाळू. वाळूवर मासा कशाला येईल? मासा तिथे, जिथे दगड आणि प्रवाळ. मुलं खूश होतात हे खरं, पण मग ती घसरगुंडी जहाजावरही आहे.

बोटीचं म्हणाल तर उतरणं सोपं असतं. परत चढणं बघा. बोटीला मागे एक लोखंडी शिडी असते. बोट हलते तशी तीही वरखाली होते. खालच्या पायरीवर पाय ठेवून अंगाचा सगळा भार गुडघ्यावर घेत वर यायचं, तेही एकदा नाही, तीन ठिकाणं म्हणजे तीनदा. आमच्या सासूबाई पहिल्या ठिकाणानंतर बोटीतच बसून राहिल्या. एल सिएलोला पाणी कमरे-छातीएवढं, खाली पांढरी वाळू आणि तारामासे. खरं तर त्यांच्याजोगी तीच जागा होती. पण ते सगळ्यात शेवटी येतं आणि तोवर त्यांचा धीर संपला होता.

चांकानाबला खडकात पक्क्या पायऱ्या आणि शिड्या बसवल्या आहेत. उतरलं की लगेच खोल पाणी, पण शिडी जागची हलत नाही. काठाचा खडक मात्र करवतीसारखा आहे, पायात पाण्यातले बूट हवेतच. रविवारी बंद असतं, तुमचा बुधवार आहे म्हणून ठीक.

खाडीकर:

मी डायव्हिंग करतो, त्यामुळे माझं मन बोटीकडे. तरी तात्यांशी सहमत, वेगळ्या कारणासाठी.

पाणकोंबडी, मला तुमच्या आईपेक्षा बाबांची काळजी वाटते. विहिरीचं पाणी जागेवर असतं. कोझुमेलच्या पश्चिम किनाऱ्याने पाणी वाहतं, बहुतेक वेळा दक्षिणेकडून उत्तरेकडे. तिथली सगळी मजा त्या वाहण्यावरच आहे. बोट तुम्हाला एका टोकाला सोडते, तुम्ही तरंगत जाता आणि बोट पुढे येऊन उचलते. न पोहणाऱ्याला हे सांगितलं की तो मुकाट तरंगतो. पट्टीचा पोहणारा मात्र मागे काहीतरी दिसलं की वळतो आणि प्रवाहाच्या उलट हात मारायला लागतो. पाच मिनिटांत छाती भरून येते, तोंडातल्या नळीतून श्वास पुरत नाही. बीपीवाल्या माणसाने हे करू नये. चांकानाबला गेलात तरी दक्षिणेकडच्या शिडीने उतरा, पाण्याबरोबर जा, उत्तरेकडच्या शिडीने वर या. उतरण्याआधी काठावरून एखादं तरंगणारं पान बघा, कुठे चाललंय ते. लाइफ जॅकेट घालायचंच. बाबा नाही म्हणतील, तरी.

दुसरं, डिसेंबर. या दिवसांत उत्तरेकडून थंड वारं सुटतं, तिकडे त्याला 'नॉर्ते' म्हणतात. ते आलं की बंदराचा अधिकारी छोट्या बोटींना मनाई करतो. पैसे परत मिळतात का ते आधी विचारा.

पालांकार-कोलंबिया सुंदर आहेत यात वाद नाही. १९९६ पासून तो भाग राष्ट्रीय सागरी उद्यान आहे. पण वरून तरंगणाऱ्याला त्याचं छप्पर तेवढं दिसतं, खरी गंमत खालच्या कपारींत आहे. शिवाय २०१८ पासून प्रवाळांना रोग लागला, मेंदूसारखी दिसणारी गोल प्रवाळं खूप मेली. २०१९ च्या ऑक्टोबरात तर या तिन्ही जागा काही काळ बंदच ठेवल्या होत्या. म्हणून सनस्क्रीन फासून पाण्यात जाऊ नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आणि तारामासा पाण्याबाहेर काढून फोटो काढायचा नाही, लेकीला आधीच सांगा.

मुखवटा:

माझा विषय आला. मिशा.

मास्कची कड सिलिकॉनची असते, ती कातडीला चिकटली तर पाणी आत येत नाही. नाकाखाली केस आले की तिथून झिरपतं. मालवणला तेच झालं असणार, त्या पोरांचा दोष नाही. उपाय दोन. नाकपुड्यांच्या लगेच खाली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी वस्तऱ्याने साफ करायची, बाकी मिशी तशीच. लांबून कळत नाही. नाहीतर त्या जागी सिलिकॉन ग्रीस लावायचं, डायव्हिंगच्या दुकानात मिळतं.

भाड्याचा मास्क घेऊच नका. घरून न्या. पट्टा न लावता तोंडावर धरायचा, नाकाने हलका श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. पडला नाही तर तो तुमचा. चष्म्याच्या नंबरच्या काचा बसवलेले मास्क तयार मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने. उणे चार सहज मिळेल. मालवणला तुमच्या बाबांनी चष्मा काढून मास्क लावला असेल ना? मग पाव खायला व्हेल आला असता तरी त्यांना दिसला नसता.

पूर्ण चेहरा झाकणारा तो नवा मास्क आणू नका. घाबरल्यावर नळी तोंडातून थुंकता येते, तो मास्क चटकन निघत नाही.

पाणकोंबडी:

मुखवटा, चष्म्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! बाबांना आत्ता विचारलं. म्हणाले, "सगळं पांढरं-हिरवं दिसत होतं, मला वाटलं तसंच असतं." चार वर्षं हा माणूस हे बोलला नाही.

वस्तऱ्याच्या पट्टीचं विचारलं. उत्तर छापण्यासारखं नाही. ग्रीस मागवते.

खाडीकर, पानाचं लक्षात ठेवते. पण नवऱ्याचा जीव अजून बोटीत अडकलाय. नऊची बोट आहे, एक-दीडपर्यंत परत. बसेल ना वेळेत?

टेक्सासतात्या:

थांबा थांबा. नऊ कुणाचे?

कोझुमेलचं घड्याळ २०१५ पासून वर्षभर एकाच जागी आहे, उन्हाळा-हिवाळा बदल नाही. डिसेंबरात ते टेक्सासच्या एक तास पुढे असतं. जहाजाने गॅल्वेस्टनची वेळ कायम ठेवली, तर बोटवाल्याचे नऊ म्हणजे जहाजावरचे आठ. म्हणजे तुम्ही धक्क्याला लागत असताना बोट सुटलेली असेल. उतरायलाच पाऊण तास जातो, पुढे लांबलचक धक्का आणि मग टॅक्सी. बोट घ्यायचीच तर त्यांच्या घड्याळाने अकराची घ्या. जहाजावर कुठली वेळ चालू आहे ते आदल्या रात्री विचारा. मोबाइलवर विसंबू नका, तो बेट लागलं की आपोआप बदलतो. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा.

टॅक्सीला तिथे मीटर नसतो, ठरलेले दर असतात. बसायच्या आधी विचारून घ्या. पाच जण आहात, चारांपेक्षा जास्त माणसांना दर वेगळा.

लिंबूटिंबू:

तात्यांनी पाच तिकिटांचे पैसे वाचवले, पार्टी बनते.

पाणकोंबडी:

बोट रद्द केली. चांकानाब ठरलं. परत येऊन लिहिते.

...

पाणकोंबडी:

आलो कालच. आधी तक्रारी उरकते. चांकानाब स्वस्त नाही. आत डॉल्फिनचे आणि समुद्रसिंहांचे खेळ होते, लेकीला बघायचे होते, मला बंद टाक्यातलं ते बघवत नाही, त्यावरून अर्धा तास रुसवा. नॉर्ते-बिर्ते काही नव्हतं, समुद्र ताटासारखा सपाट. त्यामुळे नवरा दुपारभर दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटी मोजत बसला होता. पुढच्या वेळी त्याने एकट्याने जावं, मी आडवी येणार नाही.

जहाजाने गॅल्वेस्टनचीच वेळ ठेवली होती. तात्या, तुमचे पाय कुठे आहेत? बाबांचं जुनं एचएमटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवलं. मोबाइल एक तास पुढे पळत होता आणि बाबा दर अर्ध्या तासाने "तुमचं यंत्र चुकलंय" म्हणत होते.

काठावर उभं राहून पान शोधलं. पान नव्हतं, बदामाची साल तरंगत होती. ती हळूहळू जहाजांच्या दिशेने, म्हणजे उत्तरेला निघाली. खाडीकर, तुम्हाला हे सांगितलंच पाहिजे. बाबांनी लाइफ जॅकेट घालायला एवढी खळखळ केली, पण ती साल जाताना बघून त्यांनी न बोलता बकल लावलं. म्हणाले, "नदी आहे ही."

दक्षिणेच्या शिडीने आम्ही चौघं उतरलो. ग्रीस लावूनही बाबांच्या मास्कमध्ये थोडं पाणी आलंच, पण घरी बादलीवर सराव केला होता. वरची कड दाबायची, नाकाने फुंकायचं, पाणी खालून जातं. खाली बुडवलेला येशूचा पुतळा आहे, त्याच्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे. एक पोपटमासा प्रवाळ खरवडत होता, कान पाण्यात असले की तो कुरकुर आवाज स्पष्ट ऐकू येतो, पापड मोडल्यासारखा. बाबांना पहिल्यांदा स्वच्छ दिसत होतं. तीन फेऱ्या केल्या त्यांनी. चौथीला मी नाही म्हटलं.

आता आई. ती ठरल्याप्रमाणे काठावर. साडेअकराच्या सुमारास बघते तर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर, पाण्यात कंबरेपर्यंत, लेक शेजारी. तिथली जीवरक्षक मुलगी वाकून लक्ष ठेवून होती. एका हाताने लोखंडी कठडा असा धरलेला की बोटं पांढरी, दुसऱ्या हाताने माझा मास्क तोंडावर दाबून धरलेला, पट्टा न लावता. नळी नको म्हणाली. श्वास धरायचा, डोकं खाली, पाच-सहा सेकंद, वर. पुन्हा खाली. असं किती वेळा केलं मोजलं नाही. वर आली की दर वेळी नुसतं "अगं!" आणि पुन्हा खाली. गुडघ्यांचं संध्याकाळपर्यंत नाव काढलं नाही.

आता एक शेवटची मदत. लेकीने एका माशाचं चित्र काढलंय, रविवारी मराठी शाळेत दाखवायचंय. अंगाने त्रिकोणी डब्यासारखा, काळपट, वर पांढरे ठिपके, ओठ पुढे काढलेले. इंग्रजी नाव तिला तिथल्या फलकावर सापडलं, पण बाई म्हणतात मराठीतच लिहायचं. बाबा म्हणतात, "डबामासा लिही, माझ्या पाठीला होता तसाच आहे." आपल्याकडे कोकणात याला काही नाव आहे का?