पीपीई (संसर्गापासून बचावाचा संरक्षक पोशाख) उतरवताना आधी हातमोजे की आधी गाऊन?

प्रश्न – स्टाफ नर्स, विलगीकरण कक्ष

नमस्कार. प्रशिक्षणात आम्हाला आधी हातमोजे, मग गॉगल, मग गाऊन आणि शेवटी मास्क असा क्रम शिकवला होता. आमच्या कक्षातील वरिष्ठ सिस्टर मात्र गाऊन पुढून ओढून हातमोज्यांसकट एकदमच काढतात आणि तीच पद्धत बरोबर असल्याचे सांगतात. काल रात्रपाळी संपताना मी हातमोजे काढून गाऊनची मानेमागची गाठ सोडायला गेले, तर ती घट्ट आवळून बसली होती. चाचपडत असताना गाऊनची बाही गालाला घासली. मी लगेच साबणाने तोंड धुतले, परंतु मनातली धास्ती जात नाही. योग्य क्रम कोणता, आणि असे घडल्यास आणखी काय करायला हवे?

उत्तर – संसर्ग नियंत्रण परिचारिका

सिस्टर, तुम्ही गाल लगेच धुतलात हे योग्यच केलेत. आता ही घटना इन्चार्ज आणि संसर्ग नियंत्रण विभाग यांना कळवून तिची लेखी नोंद करून घ्या, कारण पुढे काही लक्षण दिसले किंवा प्रतिबंधक औषध द्यायचे ठरले तर ती नोंदच उपयोगी पडते. डोळ्यात किंवा तोंडात काही उडाले असते, तर भरपूर पाण्याने धुऊन त्याच वेळी वैद्यकीय सल्ला घ्यावा लागला असता.

क्रमाबद्दल सांगायचे तर तुमचा आणि वरिष्ठ सिस्टरांचा, असे दोन्ही क्रम अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने दिलेले आहेत. दुसऱ्या पद्धतीत गाऊनचे बंद ओढून तोडले जातात, म्हणून ती एकदा वापरून टाकायच्या गाऊनसाठी सोयीची आहे. धुऊन वापरायच्या कापडी गाऊनचे बंद तुटत नाहीत, तिथे पहिली पद्धत घ्यावी लागते. दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे. गाऊनचा पुढचा भाग, बाह्या आणि हातमोज्यांची बाहेरची बाजू दूषित धरायची. आतली बाजू आणि पाठीमागचे बंद स्वच्छ धरायचे. दूषिताला हातमोज्याचाच हात लागावा आणि स्वच्छ भागाला स्वच्छ हात. एका कक्षात मात्र एकच क्रम ठरलेला असावा, असे माझे ठाम मत आहे, कारण थकलेला माणूस विचार करून नव्हे तर सवयीने हात चालवतो.

तुमची चूक खरे तर काढताना नव्हे, घालताना झाली. बंदाला नेहमी सुरगाठ घाला. निरगाठ बसली की ड्युटीच्या शेवटी ती सुटत नाही.

हातमोजे काढताना एका हातमोज्याची मनगटाजवळची बाहेरची बाजू चिमटीत धरून तो उलटा करत काढावा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत ठेवावा. मग मोकळ्या हाताचे बोट दुसऱ्या हातमोज्याच्या आत, मनगटाच्या त्वचेलगत सरकवून तोही उलटा करावा, म्हणजे पहिला त्याच्या पोटात जातो. मध्येच हात दूषित झाल्याची शंका आली, तर पुढे न जाता तिथेच हात स्वच्छ करावेत.

उत्तर – अतिदक्षता विभागातील डॉक्टर

वरील उत्तराशी सहमत आहे. मास्कबद्दल थोडी भर घालतो. एन-९५ मास्क खोलीबाहेर पडून दार लावल्यावरच काढावा. आधी खालचा पट्टा डोक्यावरून पुढे आणावा, मग वरचा, आणि पुढच्या भागाला अजिबात हात लावू नये. माझ्याकडून एकदा याच क्षणी चूक झाली होती: आठ तासांनंतर नाकावर वळ उठले होते, खाज असह्य झाली होती आणि हात धुण्याआधीच बोट नाकाकडे गेले. त्या दिवसापासून मी मास्क काढल्यावर अल्कोहोलयुक्त द्रावणाने हात पूर्ण 20 ते 30 सेकंद चोळल्याशिवाय चेहऱ्याकडे हात नेत नाही. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूची लागण झालेल्या रुग्णाकडून आल्यास साबण-पाणीच वापरावे, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

2014 मध्ये डॅलस येथे इबोलाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना संसर्ग झाला. त्यानंतर सीडीसीने इबोलासाठीच्या सुधारित सूचनांमध्ये पीपीई घालण्या-उतरवण्याची प्रत्येक पायरी प्रशिक्षित निरीक्षकाच्या देखरेखीखाली व्हावी, असे सांगितले.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. इन्चार्ज सिस्टरांना कळवून नोंद केली आहे. रात्रपाळीला आम्ही दोघीच असतो. निरीक्षक कुठून आणायचा? आरसा लावला तर चालेल का?

उत्तर – संसर्ग नियंत्रण परिचारिका

आरसा जरूर लावा, पण त्यात पाठीमागची गाठ दिसत नाही आणि हात चुकत असताना तो थांबवतही नाही. दोघींपैकी एकीने दाराबाहेर उभे राहून पायऱ्या मोठ्याने वाचाव्यात, दुसरीने ऐकून तेवढेच करावे. याला दोन-तीन मिनिटे जास्त लागतात. तेवढा वेळ ड्युटीच्या वेळापत्रकातच धरून देण्याची मागणी तुम्ही लेखी करा.